गुन्हा नाही म्हणजे दुकान उघडलं असं नाही

एमडी, म्हणजे मेफेड्रोन हे ड्रग, पकडल्याची बातमी निघाली की पाचव्या मिनिटाला कुणीतरी ठेवून देतंच, “पोर्तुगालात तर सगळं लीगल केलंय.” एक जण हे कौतुकाने म्हणतो, दुसरा धसका घेऊन. माहिती दोघांचीही चुकीची. पोर्तुगालने ड्रग्ज कायदेशीर केलेली नाहीत. त्यांनी सेवन गुन्ह्यातून वगळलं. ‘निर्गुन्हेगारीकरण’ हा शब्द मी मुद्दाम टाळतोय. तो पुरता उच्चारून होईपर्यंत समोरचा “म्हणजे लीगलच ना?” म्हणून मोकळा झालेला असतो.

कायदेशीर म्हणजे काय, हे आपल्याला दारूने शिकवलंय. परवान्याचं दुकान, उत्पादन शुल्क, ड्राय डे, आणि १९४९च्या कायद्यापासून चालत आलेलं ते पिण्याचं परमिट. चंद्रपूरकरांनी तर २०१५मध्ये दुकानं बंद होताना आणि २०२१मध्ये बंदी उठताना, दोन्ही पाहिलं. कॅनडात २०१८पासून गांजा असाच मिळतो: वयाची अट, कर, पावती. यात न समजण्यासारखं काही नाही.

घोळ होतो तो दुसऱ्या गोष्टीत. १ जुलै २००१पासून पोर्तुगालात स्वतःपुरतं ड्रग बाळगणं हा फौजदारी गुन्हा राहिला नाही. ‘स्वतःपुरतं’ म्हणजे ढोबळमानाने दहा दिवस पुरेल एवढं: हेरॉइन १ ग्रॅम, कोकेन २ ग्रॅम, गांजा २५ ग्रॅम. पण मनाई कायम राहिली. पोलीस आजही माल काढून घेतात, तो परत मिळत नाही. सापडलेल्याला ७२ तासांच्या आत एका समितीपुढे जावं लागतं. तिथे आरोपीचा पिंजरा नसतो. टेबलापलीकडे तिघं बसतात, त्यात एक कायद्याचा जाणकार आणि बाकीचे वैद्यक, मानसशास्त्र किंवा समाजकार्यातले. माणूस व्यसनी आहे की कधीमधी घेणारा, हे ते बघतात. त्यावरून उपचार सुचवायचे, दंड करायचा की पहिलीच वेळ म्हणून प्रकरण तात्पुरतं बाजूला ठेवायचं, ते ठरतं. व्यसनी माणसाला पैशाचा दंड करत नाहीत.

आता खरी मेख. यात सुटला तो फक्त घेणारा. विकणारा सुटलेला नाही. पिकवणं, आणणं, विकणं हा पोर्तुगालात आजही तुरुंगाचा मामला आहे.

पोर्तुगीज पासपोर्ट काढून गोव्यातून लिस्बनला गेलेला माझा एक मित्र आहे. तिथल्या जुन्या बाजारपेठेत पर्यटकाच्या कानाशी येऊन कुणी “हशीश, हशीश” असं कुजबुजतं, ते त्याच्या रोजच्या वाटेवरचं. त्या पुडीत पुष्कळदा निघतात दाबून वडी केलेली लॉरेलची पानं, म्हणजे आपल्या तमालपत्राची भावंडं. विकणारा निर्धास्त असतो, कारण मसाल्याची पानं विकली म्हणून ड्रगच्या कलमाखाली पकडणार कसं? आणि घेणारा तक्रार कुणाकडे करणार? “लीगल असतं तर मी बिल मागितलं नसतं का?” हे मित्राचं म्हणणं. दुकान नाही, तपासणी नाही, लेबल नाही. पुडीत काय आहे ते देवालाच ठाऊक.

म्हणूनच “गुन्ह्यातून वगळा, माफिया संपेल” हेही तितकंच चूक. धंदा विकणाऱ्याचाच राहतो. बाजार काळाच, माल भेसळीचाच. फरक एवढाच की घेणाऱ्याच्या नावावर गुन्हा चढत नाही, आणि नोकरी-शिक्षणाची दारं बंद न होता तो दवाखान्यात जाऊ शकतो.

आपल्याकडे उदाहरण हवं तर २०१८ आठवा. सर्वोच्च न्यायालयाने व्यभिचाराचं कलम ४९७ रद्द केलं. सरकारने व्यभिचाराचे परवाने वाटले का? घटस्फोटाला ते कारण आजही चालतंच.

अॅमस्टरडॅमची कॉफी शॉप्स हे तिसरंच प्रकरण. पुढच्या दाराने ५ ग्रॅम गांजा विकायला डोळेझाक आणि मागच्या दाराने दुकानात येणारा माल बेकायदा. त्याला धोरण म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

मी स्वतः हेरॉइन, एमडी दुकानात मांडायच्या विरोधात आहे आणि घेणाऱ्याला कोठडीत टाकायच्याही विरोधात. पण नुसतं कलम काढून भागत नाही. अमेरिकेतल्या ओरेगनने २०२१मध्ये तेच केलं. शंभर डॉलरच्या दंडाची चिठ्ठी, नाहीतर व्यसनमुक्तीच्या मदतीच्या नंबरावर फोन करून दंड माफ. फोन फार थोड्यांनी केले आणि उपचारांचा पैसा केंद्रांपर्यंत उशिरा पोचला. १ सप्टेंबर २०२४पासून तिथे बाळगणं पुन्हा गुन्हा झालं. पोर्तुगालात समितीच्या पाठीशी मेथाडोन (हेरॉइन सोडवण्यासाठी त्याऐवजी दिलं जाणारं औषध), वापरलेल्या सुया बदलून देणं, उपचार केंद्रं होती. सुया तर १९९३पासून, म्हणजे कायदा यायच्या कितीतरी आधी. जमिनीवरचं काम आधी, कलम नंतर.

आणि आपण? १९८५च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याच्या कलम २७नुसार नुसतं सेवनही गुन्हाच. हेरॉइन-कोकेनला एक वर्षापर्यंत कैद. (भांग या कायद्यात नाही, कारण गांजाच्या व्याख्येतून पानं वगळली आहेत. होळीला दरवर्षी होणारा तो वाद इथेच मिटवा.) पण याच कायद्यात ६४ए नावाचं कलम आहे. सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा आरोप असलेला व्यसनी सरकारमान्य केंद्रात स्वेच्छेने उपचार घेत असेल, तर त्याच्यावर त्या गुन्ह्याचा खटला चालवता येत नाही. उपचार अर्धवट सोडले तर मात्र ही सूट काढून घेता येते. हेरॉइनचं अल्प प्रमाण म्हणजे ५ ग्रॅमपर्यंत. घरातलं पोर सापडलं की आईवडील वकिलाला पहिल्यांदा जामिनाचं विचारतात. त्याच बैठकीत ६४एचंही विचारा, आणि येताना केंद्रात दाखल केल्याचा कागद घेऊन या.