अरबी समुद्रातलं अपवेलिंग आणि प्लवक

समुद्राच्या खालच्या थरातलं थंड पाणी वर येणं म्हणजे अपवेलिंग. वर आलेल्या या पाण्यावरच प्लवकांची, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या बारीक जिवांची, वाढ कशी अवलंबून असते, ते अरबी समुद्रात फार स्पष्ट दिसतं, कारण इथे वारा वर्षातून दोनदा दिशा बदलतो आणि त्याच्यामागे प्रवाहही उलटे फिरतात. वनस्पतिप्लवकांना ऊन लागतं आणि नायट्रेट, फॉस्फेट, सिलिकेट अशी खतंही लागतात. अडचण अशी की वरच्या पाण्यात ऊन आहे पण खत संपलेलं असतं, आणि मेलेलं सगळं खाली जाऊन कुजतं त्यामुळे खाली खत भरपूर पण काळोख. या दोन्हींची गाठ पडली की आठवड्याभरात पाणी हिरवट होतं. सगळ्यात आधी फोफावतात ते डायटम, ज्यांना मराठीत करंडक वनस्पती म्हणतात. सिलिकाची दोन झाकणं एकमेकांवर बसवलेली, अगदी कुंकवाच्या करंड्यासारखी, म्हणून हे नाव.

सोमालिया आणि ओमानच्या किनाऱ्याला हे गणित सरळ आहे. पावसाळ्यात नैर्ऋत्येचा जोरदार वारा किनाऱ्याला समांतर वाहतो आणि उत्तर गोलार्धात वरच्या थराचं पाणी एकूण वाऱ्याच्या उजवीकडे सरकतं, म्हणजे किनाऱ्यापासून लांब, मग त्याची जागा खालचं पाणी घेतं. (हे गणित स्वीडिश समुद्रशास्त्रज्ञ एकमननं १९०५ मध्ये मांडलं, नॉर्वेजियन शोधप्रवासी नान्सेनला आर्क्टिकमधला बर्फ वाऱ्याच्या उजवीकडे वाहताना दिसला होता त्यावरून.)

भारताच्या पश्चिम किनाऱ्याचं मात्र तसं नाही आणि खरा वाद इथेच आहे. आपल्याकडे पावसाळी वारा बराचसा समुद्रावरून जमिनीकडे येतो, किनाऱ्याला समांतर असा त्याचा भाग कमी, तरीही केरळपासून कोकणापर्यंत अपवेलिंग होतंच. जुना विचार स्थानिक वाऱ्यावर भर देणारा होता. पण केरळजवळ खालचं थंड पाणी वर सरकायला पावसाळी वारा सुरू व्हायच्या बरंच आधी, साधारण फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास, सुरुवात होते असं निरीक्षणांवरून दिसतं, आणि मग वारा कारण कसा असेल? दुसरं मत असं की बंगालच्या उपसागरात आणि श्रीलंकेच्या आसपास वाऱ्यानं उठवलेल्या केल्विन लाटा (किनाऱ्याला धरून लांबवर जाणाऱ्या लाटा) भारताचं टोक वळसा घालून किनारा उजव्या हाताला ठेवत उत्तरेकडे येतात आणि खालच्या थंड पाण्याची पातळी वर-खाली करतात. मॅक्रिअरी आणि सहकाऱ्यांच्या १९९३ च्या मॉडेलनंतर या मताला वजन आलं. अपवेलिंग आधी दक्षिणेला आणि मागाहून उत्तरेला होतं, हेही त्याच्याशी जुळतं. तरी दक्षिण केरळजवळ स्थानिक वाऱ्याचा वाटा नाकारता येत नाही, त्यामुळे दोन्ही मिळून काम करतात, उत्तरेला दुरून आलेल्या लाटांचं पारडं जड, असं म्हणणं जास्त बरोबर वाटतं.

कोकण-गोव्याला आणखी एक गोष्ट आडवी येते, पाऊस. घाटावरून उतरणाऱ्या नद्यांचं आणि पावसाचं गोडं पाणी हलकं असल्यामुळे ५-१० मीटरचं झाकण करून वर बसतं आणि खालून आलेलं खताचं पाणी त्याच्याखाली अडकतं. वरची हवा खाली पोहोचत नाही, खाली कुजणं चालूच, त्यामुळे तळाजवळचा ऑक्सिजन संपत जातो. गोव्यात कांदोळीच्या समोर जेमतेम २८ मीटर खोलीवर राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचं निरीक्षणाचं ठिकाण आहे, तिथे सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास तळाच्या पाण्याला कुजक्या अंड्यासारखा हायड्रोजन सल्फाइडचा वास येतो. म्हणजे जे पाणी प्लवकांना वाढवतं तेच तळाच्या जिवांना गुदमरवतं, आणि हे दोन्ही एकत्र सांगितल्याशिवाय या किनाऱ्याचं अपवेलिंग समजतच नाही. असं कमी ऑक्सिजनचं पाणी किनाऱ्याकडे आलं की तळाची मासळी जागा सोडते, हे समुद्रशास्त्रज्ञ कार्ल बान्सेनं १९५९ मध्येच कोचीच्या बाजूच्या निरीक्षणांवरून लिहून ठेवलं होतं.

हिवाळ्यात गुजरातच्या बाजूला प्लवक वाढतात त्याचं कारण अपवेलिंग नाही. कोरड्या थंड वाऱ्यानं वरचं पाणी गार आणि जड होऊन बुडतं, ढवळलं जातं आणि खत वर येतं (मधुप्रताप आणि सहकारी, १९९६). अलीकडे तिथे डायटमऐवजी हिरव्या नॉक्टिल्युकाचे (हा एक वेगळा एकपेशीय प्लवक) थर पसरलेले दिसतात. कमी ऑक्सिजनचं पाणी वर आल्यामुळे हे झालं, असा २०१४ चा निष्कर्ष सगळ्यांना मान्य नाही.

वनस्पतिप्लवक खाणाऱ्या प्राणिप्लवकांचं एक कोडंच आहे. वनस्पतिप्लवक हंगामाप्रमाणे एवढे कमी-जास्त होतात, पण प्राणिप्लवकांचं एकूण वजन त्या मानानं वर्षभर फारसं बदलत नाही असं आढळलं. वनस्पतिप्लवक कमी असतात त्या महिन्यांत ते बॅक्टेरिया खाणाऱ्या सूक्ष्मजीवांवर जगतात, हे एक उत्तर. सोमालियाकडचा कॅलॅनॉइडीस हा कोपेपॉड (कोळंबीच्या जातकुळीतला इवलासा प्राणी) मात्र वेगळंच करतो, अपवेलिंग संपलं की अंगात चरबी साठवून शेकडो मीटर खोल थंड पाण्यात उतरतो, न खाता महिने काढतो आणि पुढच्या पावसाळ्यात परत वर येतो.

प्लवक वाढतायत की घटतायत यावर एकमत नाही. २००५ मध्ये गोएस आणि सहकाऱ्यांनी १९९७ नंतरच्या सात वर्षांत पश्चिम अरबी समुद्रात मोठी वाढ दाखवली. पुण्याच्या आयआयटीएम या हवामानशास्त्र संस्थेतल्या रॉक्सी मॅथ्यू कोल यांच्या २०१६ च्या अभ्यासात सहा दशकांत पश्चिम हिंदी महासागरात २० टक्क्यांपर्यंत घट आली, कारण तापलेलं वरचं पाणी खालच्यात मिसळत नाही. काळ लांब घेतल्यामुळे दुसऱ्या अभ्यासावर जास्त भरवसा ठेवावासा वाटतो. पण पावसाळ्याचे नेमके हेच महिने ढगांमुळे उपग्रहाला धड दिसत नाहीत, त्यामुळे जून ते ऑगस्टचं पाणी खवळलेल्या समुद्रात होडी घालून बाटलीत भरून आणावं लागतं.