प्रसारबंदी वेगळी आणि बंदी वेगळी

अण्वस्त्र प्रसारबंदी करार आणि अण्वस्त्र बंदी करार हे एकच समजून लोक तावातावाने भांडताना बघितलेत, आणि त्यांची तरी काय चूक, नावात फरक एका शब्दाचा. पण सगळी गोम त्या 'प्रसार'मध्येच आहे ना.

प्रसारबंदी म्हणजे एनपीटी, 1968 ला सह्यांसाठी खुला झाला, 1970 पासून लागू. आता हा करार बॉम्ब बाळगायला सरसकट मनाई करतच नाही! 1 जानेवारी 1967 च्या आधी ज्यांनी बॉम्ब बनवून फोडला ते पाच जण (अमेरिका, रशिया, ब्रिटन, फ्रान्स, चीन) अण्वस्त्रधारी, बाकीच्यांनी बनवायचा नाही, त्याबदल्यात वीज वगैरेसाठी अणुऊर्जा खुशाल वापरा, आणि ते पाच जण निःशस्त्रीकरणाची बोलणी सद्भावनेने करतील. कधीपर्यंत? कलम 6 उलटंपालटं करून वाचा, तारीख सापडणार नाही. भारताची पहिली चाचणी 1974 ची, म्हणजे सही करायची तर बॉम्ब सोडूनच करावी लागेल, म्हणून भारत बाहेर.

बंदी करार, टीपीएनडब्ल्यू, 2017 चा. यूएनमध्ये 122 मतं बाजूने, विरोधात एकटा नेदरलँड्स, सिंगापूर तटस्थ. 22 जानेवारी 2021 पासून लागू. इथे पाच जणांची वेगळी पंगत नाही: बनवणं, बाळगणं, वापरणं, नुसती धमकी देणं, दुसऱ्याचा बॉम्ब आपल्या जमिनीवर ठेवू देणं, सगळं बंद. वाचायला एकदम स्वच्छ, मला तर मनापासून पटतं, पण ज्यांच्याकडे बॉम्ब आहेत त्या नऊपैकी (वरचे पाच, शिवाय भारत, पाकिस्तान, इस्रायल, उत्तर कोरिया) एकानेही सही केलेली नाही, मग बांधला गेला कोण, तर ज्यांच्याकडे आधीच काही नव्हतं तेच.

एनपीटीला नावं ठेवणारे एक विसरतात, त्याच्यामागे तपासणी आहे. आयएईएचे (आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचे) इन्स्पेक्टर अणुभट्टीत जाऊन इंधन मोजतात, सील लावतात, कॅमेरे बसवतात, आणि एका बॉम्बचा धोका म्हणून 8 किलो प्लुटोनियमचा हिशोब धरतात, तेवढं कुठे गायब होत नाही ना हे बघायचं. बंदी कराराकडे स्वतःचे इन्स्पेक्टर नाहीत, तोही आयएईएच्याच तपासणीवर टेकलेला. त्यामुळे एक आला म्हणून दुसरा मोडीत निघाला असं काही नाही, दोन्हीत राहता येतं.

दक्षिण आफ्रिका आहेच की दोन्हीत. त्यांनी सहा बॉम्ब बनवले होते, ते स्वतःच मोडले आणि मग 1991 ला एनपीटीत आले. बंदी करार त्यांनी 2019 ला मंजूर केला, तेव्हा मोडायला काही उरलंच नव्हतं.