आडनाव नसलेली न्यू ॲम्स्टरडॅमची माणसं

अमेरिकेतल्या एखाद्या जुन्या डच घराण्याचा वंशवृक्ष मांडायला घेतला की सतराव्या शतकात आडनावाचा धागा हातातून सुटतो. कागद गहाळ झाले असं वाटतं. खरं तर कागद असतात, आडनावच नसतं.

आजच्या न्यूयॉर्कच्या जागी तेव्हा डचांचं न्यू ॲम्स्टरडॅम होतं. तिथे बहुतेकांना स्वतःचं नाव आणि बापाचं नाव एवढं पुरे. पीटरचा मुलगा यान तो यान पीटरसेन, आणि यानचा मुलगा पीटर तो पीटर यानसेन. म्हणजे दर पिढीला मागचं नाव बदलणार. कुणी गावाचं किंवा जागेचं नाव जोडी. त्यातला 'व्हान' आपल्या 'कर'सारखा.

क्लास मार्टेन्सेन व्हान रोझेनव्हेल्ट हे नाव असंच उलगडतं: मार्टेनचा मुलगा क्लास, गुलाबांच्या शेताकडचा. 1652 मध्ये त्याने मॅनहॅटनमध्ये सुमारे 50 एकर शेत घेतलं. आज एम्पायर स्टेट बिल्डिंग आहे त्याच भागात ते होतं. 1658 मध्ये जन्मलेला त्याचा मुलगा निकोलस 'रूझवेल्ट' असं लिहू लागला. थिओडोर आणि फ्रँकलिन हे दोन्ही राष्ट्राध्यक्ष या निकोलसच्याच दोन मुलांचे वंशज.

1664 मध्ये इंग्रजांनी शहर घेतलं. हळूहळू इंग्रजी रीत रुळली आणि आडनावं स्थिरावली. पण त्यात एक मोठं नुकसान झालं, आणि त्याची मला फार हळहळ वाटते. डच रिवाजात बाई लग्नानंतरही कागदोपत्री स्वतःच्याच नावाने राही. डच रिफॉर्म्ड चर्चच्या 1639 पासूनच्या बाप्तिस्मा नोंदींत बाळाच्या नावाशेजारी बापाबरोबर आईचं तिचं स्वतःचं नाव सापडतं, आणि साक्षीदार पुष्कळदा आजी, मामा, काका असतात. आडनाव न मिळालेलं घराणं या साक्षीदारांवरून जुळवता येतं. इंग्रजी रीतीने बाई नवऱ्याच्या नावामागे गेली आणि आईकडची वाट अंधारी झाली.

त्याच शहरात काही माणसांच्या नावात बाप नव्हताच. 1644 मध्ये गव्हर्नर कीफ्टने ही वसाहत चालवणाऱ्या डच वेस्ट इंडिया कंपनीच्या 11 आफ्रिकी गुलामांना अर्धवट मोकळीक दिली. त्या यादीत पाउलो अंगोला आहे, सिमॉन काँगो आहे, अँथनी पोर्तुगीज आहे. मॅन्युएल एकाहून जास्त, म्हणून एक थोरला, एक धाकटा. आणखी एका मॅन्युएलला तर गेरिट द रेउस या डच माणसाचं नाव चिकटलेलं. कुणाच्या नावात मुलूख, कुणाच्या नावात परका माणूस. त्यांच्या वंशजांना पूर्वज शोधताना एवढ्याच खुणा हाती लागतात. मोकळीक मिळाली ती या माणसांना आणि त्यांच्या बायकांना. जन्मलेली आणि पुढे जन्मणारी मुलं कंपनीचीच राहतील, असं त्याच कागदात लिहिलं होतं.