रेडलायनिंग आणि कव्हनंट: एक नकाशात, दुसरं खरेदीखतात

अमेरिकेत कृष्णवर्णीयांना घरं कशी नाकारली गेली, हे सांगताना रेडलायनिंग आणि वांशिक कव्हनंट हे दोन शब्द सर्रास अदलाबदलीने वापरले जातात. प्रत्यक्षात दोन्हींचे कागद वेगळे होते आणि बहुतेकदा वस्त्याही वेगळ्या. कव्हनंट गोऱ्यांच्या वस्तीचं दार आतून बंद करायचं. रेडलायनिंग कृष्णवर्णीय जिथे राहत होते तिथलं कर्ज धोक्याचं ठरवून पैसा आटवायचं.

कव्हनंट ही मालकांनी आपसात घातलेली अट. ती जमिनीला चिकटते. घर कितीदाही विकलं तरी नवा मालक बांधलेलाच. १९१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नगरपालिकांचे वंशानुसार वस्त्या आखणारे नियम रद्द केले, तेव्हा हा खासगी मार्ग आणखी फोफावला. सेंट लुईसमधल्या लॅबाडी अ‍ॅव्हेन्यूवर (नाव मराठी कानाला भलतंच चपखल) १९११ मध्ये ३९ पैकी ३० मालकांनी सह्या केल्या: पुढची ५० वर्षं ही घरं निग्रो किंवा मंगोल वंशाच्या माणसांना राहायला द्यायची नाहीत. १९४५ मध्ये शेली या कृष्णवर्णीय कुटुंबाने तिथे घर घेतलं आणि शेजारी कोर्टात गेले.

याच खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९४८ मध्ये दिलेल्या निकालात एक बारकावा आहे, आणि इथेच बहुतेकांची गफलत होते. कव्हनंट लिहिणं बेकायदा, असं न्यायालय म्हणालं नाही. कोर्टाने त्याची अंमलबजावणी करून देणं घटनाबाह्य, एवढंच म्हणालं. म्हणजे अट कागदावर राहिली, मालक ती आपखुशीने पाळू शकत होते.

रेडलायनिंगमध्ये मात्र सुरुवातीपासून सरकारचा हात. होम ओनर्स लोन कॉर्पोरेशन या सरकारी गृहकर्ज संस्थेने १९३५ ते १९४० मध्ये दोनशेहून अधिक शहरांचे नकाशे केले: हिरवा, निळा, पिवळा आणि शेवटी ‘धोक्याचा’ लाल. सोबतच्या छापील फॉर्मात निग्रो रहिवासी आहेत का, असतील तर किती टक्के, आणि कोणाची ‘घुसखोरी’ चालू आहे, याचे स्वतंत्र रकाने होते. तरी सगळा दोष या नकाशांवर टाकू नये. या संस्थेची बहुतेक कर्जं नकाशांच्या आधीच वाटून झाली होती. खरं नुकसान आणखी एका सरकारी संस्थेने, म्हणजे फेडरल हाउसिंग अ‍ॅडमिनिस्ट्रेशनने स्वतःच्या नियमांनी केलं. ती कर्जाचा विमा उतरवायची, त्यामुळे बँक सुरुवातीला २० वर्षांच्या मुदतीने घराच्या किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंत कर्ज द्यायची. ज्यांच्या वस्तीला विमा नाही, त्यांच्यापैकी अनेकांनी, विशेषतः शिकागोत, विक्रेत्याशी हप्त्यांचा करार केला. मालकी शेवटच्या हप्त्यानंतर; एक हप्ता चुकला तर घर आणि भरलेले पैसे दोन्ही जाण्याची वेळ.

दोन्हींची गाठ इथेच पडते: विमा उतरवणाऱ्या याच संस्थेच्या १९३८ च्या नियमपुस्तिकेत कव्हनंट घालण्याची शिफारस होती. डेट्रॉइटमध्ये १९४१ साली एका बिल्डरने कृष्णवर्णीय वस्तीच्या कडेने सहा फूट उंच, सुमारे अर्धा मैल लांब भिंत बांधली, कारण भिंतीशिवाय पलीकडच्या गोऱ्यांच्या नव्या घरांना विमा मिळेना. भिंत आजही उभी आहे.

म्हणून उपायही वेगवेगळे लागले. १९४८ च्या निकालाने रेडलायनिंगला धक्काही लागला नाही. नव्याने नोंदलेल्या कव्हनंटच्या घरांना विमा देणं त्या संस्थेने फेब्रुवारी १९५० पासून थांबवलं, जुन्यांचं चालू ठेवलं. दोन्हींवर एकत्र बंदी आली ती ११ एप्रिल १९६८ च्या फेअर हाउसिंग अ‍ॅक्टने, मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर आठवड्याभरात. पण बँक कुठे कर्ज देते हे बाहेरच्याला कळायला १९७५ चा माहिती उघड करण्याचा कायदा लागला, आणि आपल्या भागाच्या कर्जगरजा भागवण्याची जबाबदारी बँकांवर १९७७ मध्ये आली.

एखाद्या घराचं काय, हे पाहायचं असेल तर लाल रंग रिचमंड विद्यापीठाच्या ऑनलाइन नकाशांत सापडेल. कव्हनंटसाठी काउंटी रेकॉर्डरकडे (जमिनीच्या नोंदी ठेवणारं स्थानिक कार्यालय) जावं लागतं, आणि ताज्या खरेदीखतात शोधून उपयोग नाही. तिथे ‘नोंदलेल्या अटींच्या अधीन’ एवढंच असतं. मूळ मजकूर बहुधा संपूर्ण लेआउटच्या जुन्या जाहीरनाम्यात असतो.