रिआस बाइशासमधील वायनरी-भेट

रिआस बाइशास हा स्पेनच्या वायव्य कोपऱ्यातील गालिसियाचा, अटलांटिक महासागराच्या खाड्यांलगतचा द्राक्षप्रदेश. वायनरीला, म्हणजे वाइन तयार होते त्या जागेला, येथे बोदेगा म्हणतात. आधी वेळ घेऊन केलेल्या भेटीत बागेतून फेरी, प्रेस (रस काढण्याचे यंत्र) व टाकीघराची पाहणी आणि शेवटी वाइनची चव, असा साधारण तास-दीड तासाचा क्रम असतो. येथली वेल मांडवावर चढवलेली असते. त्यामुळे तासगाव, पलूस, मिरजेकडच्या बागायतदाराला बाग ओळखीची वाटते, पण तिच्यामागची कारणे बरीच वेगळी आहेत.

हवामान : प्रदेशात वर्षाला सुमारे 1,600 मिमी. पाऊस पडतो. तो मुख्यतः हिवाळ्यात येतो, उन्हाळा त्यामानाने कोरडा जातो. प्रदेशाला ‘शीत’ म्हणावे का, याबद्दल एकमत नाही. अमेरीन व विंक्लर या द्राक्षशास्त्रज्ञांनी 1944 मध्ये कॅलिफोर्नियासाठी मांडलेल्या पद्धतीत एप्रिल ते ऑक्टोबर या सात महिन्यांत रोजच्या सरासरी तापमानातून 10° से. वजा करून बाकीची बेरीज करतात. ती सुमारे 1,390 च्या आत राहिली, तर प्रदेश सर्वांत थंड गटात धरतात. समुद्राकाठचे साल्नेस खोरे या रेषेच्या आसपास येते. मीन्यो नदीकाठचा, आतल्या बाजूचा कोंदादो दो तेआ हा भाग बराच उबदार आहे. या बेरजेत दमटपणा आणि समुद्रवारा यांचा हिशेब नाही, हा त्यावरचा जुना आक्षेप. द्राक्षातील आम्लता आणि तोडणीची तारीख पाहून प्रदेश ठरवणे अधिक सयुक्तिक दिसते. मॅलिक आम्ल उष्णतेत लवकर खर्ची पडते, टार्टारिक त्यामानाने टिकते. साल्नेसच्या थंड हवेत मॅलिक आम्ल पुष्कळ शिल्लक राहते, म्हणून तेथील वाइन जिभेला धारदार लागते. सांगलीला उष्णतेच्या बेरजेचे हे माप लावण्यात अर्थ नाही. सांगलीत वेल हिवाळी विश्रांती घेत नाही. एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी करून तिला फळावर आणावे लागते, आणि माल येतो तो या सात महिन्यांच्या बाहेर, फेब्रुवारी-मार्चमध्ये.

मांडव : खांब ग्रॅनाइटचे असतात. हा दगड जागेवरच मुबलक मिळतो आणि लाकूड सततच्या ओलीत कुजते. तारा साधारण दोन मीटर उंचीवर असतात. पानांखालून वारा खेळावा आणि घड ओलसर जमिनीपासून दूर राहावेत, हा मुख्य हेतू. पूर्वी मांडवाखाली बटाटे व भाजीपालाही घेत, कारण एकेका कुटुंबाची जमीन तुकड्या-तुकड्यांत विभागलेली. सांगलीच्या पूर्व भागातील मांडवाकडून घडांवर सावलीचीही अपेक्षा असते. गालिसियात नेमका सावलीचा अतिरेक नडतो. पाने दाट झाली की साखर भरायला उशीर होतो आणि केवडा, भुरी व करपा या बुरशीजन्य रोगांना वाव मिळतो. घडांभोवतीची पाने जून-जुलैत विरळ केलेली आहेत का, हे भेटीत मुद्दाम पाहावे. बोर्डो मिश्रणाची (मोरचूद व चुना) निळसर झाक पानांवर दिसली तर नवल वाटू नये. द्राक्षबागेतल्या केवड्यावरचा हा उपाय दोन्हीकडे एकच आहे.

अल्बारीन्यो : प्रदेशातील बहुतेक लागवड या पांढऱ्या वाणाची आहे. मणी लहान, साल जाड. याच्या उगमाबद्दल तीन मते आढळतात. बाराव्या शतकात सान्तियागोच्या यात्रामार्गाने आलेल्या क्लूनी मठाच्या भिक्षूंनी तो फ्रान्समधून आणला, हे पहिले. तो ऱ्हाइन नदीकाठच्या रीस्लिंगचा वंशज आहे, हे दुसरे. पहिल्याला समकालीन कागदपत्रांचा आधार दाखवला जात नाही, आणि डीएनए तपासणीत रीस्लिंगशी थेट नाते निघत नाही. वाण गालिसिया व उत्तर पोर्तुगालचाच असावा, हे तिसरे मत आज बहुतेक अभ्यासकांना मान्य आहे. पोर्तुगालमध्ये तो अल्वारीन्यो म्हणून ओळखला जातो. नावाचे भरवशाचे लेखी उल्लेख बहुधा अठराव्या शतकाच्या अखेरीपासूनचे आहेत. वाणाच्या ओळखीतला घोळ अलीकडेही झाला. ऑस्ट्रेलियात अल्बारीन्यो म्हणून लावलेल्या वेली सावान्याँ या वेगळ्या वाणाच्या असल्याचे 2009 च्या सुमारास उघड झाले, आणि त्यांची मूळ काडी स्पेनमधूनच आली होती.

1980 मध्ये वाणाच्याच नावाने मिळालेली मान्यता युरोपीय नियमांत बसेना, म्हणून 1988 मध्ये प्रदेशाच्या नावाने संरक्षित नामांकन झाले. आज त्याचे पाच उपविभाग आहेत : वाल दो साल्नेस, कोंदादो दो तेआ, ओ रोसाल, सोउतोमायोर आणि रिबेइरा दो उल्या.

भेट : तोडणी साधारण सप्टेंबरात, हाताने, जास्तीत जास्त 20 किलोच्या क्रेटमध्ये होते. त्याहून मोठ्या क्रेटमध्ये तळचे मणी फुटतात आणि प्रेसपर्यंत पोचण्याआधीच रस हवेने तपकिरी पडतो. या काळात बोदेगाला पाहुण्यांसाठी सवड नसते. बाग पाहायची तर मे-जून बरा, यंत्रे चालू पाहायची तर सप्टेंबरचा शेवट; दोन्ही एका फेरीत साधत नाही. कांबादोसमध्ये ऑगस्टच्या आरंभी अल्बारीन्योचा उत्सव भरतो (1953 पासून). त्या आठवड्यात मुक्काम मिळणेही कठीण. दुपारी दोन ते चार आणि रविवारी संध्याकाळी बहुतेक दारे बंद असतात. वेळ आणि मार्गदर्शनाची भाषा आधीच लेखी ठरवून घ्यावी.

टाकीघरात रस थंड ठेवून सुमारे एक दिवस निवळू देतात, मग स्टीलच्या टाकीत 15–18° से. वर आंबवतात. काही बोदेगा नंतर वाइन यीस्टच्या गाळावर महिनोन्‌महिने ठेवून मधूनमधून ढवळतात. त्याने धार बोथट न होता वाइनला अंग येते. आंबवण चालू असताना टाकीवर वाकून वास घेऊ नये. कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड असल्याने खालच्या बाजूला साठतो आणि माणूस बेशुद्ध पडू शकतो.

चवीसाठी 30–40 मिली. वाइन ओततात. 8–10° से. तापमान योग्य. फ्रीजमधून थेट आलेली वाइन फक्त आंबट लागते, तेव्हा ग्लास दोन मिनिटे तळव्यात धरावा, एरवी दांडीलाच. क्रम ताज्या वाइनपासून गाळावर ठेवलेलीकडे, लाकडी पिंपातली शेवटी. घोट तोंडात फिरवून थुंकदाणीत टाकणे हा तिथला रिवाज आहे, त्यात कोणाचा अपमान होत नाही. गाडी चालवणाऱ्याने तर थुंकावेच. अत्तर लावून किंवा तंबाखू खाऊन गेल्यास पुढचे सगळे वाया. सोबत नेलेले भडंग चव घेऊन झाल्यावर खावे. पायताणाची माती झाडून मगच बागेत शिरावे, आणि काडी-पान तोडून आणण्याचा मोह टाळावा. परवानगीशिवाय परदेशी रोपसाहित्य भारतात आणता येत नाही, आणि रोग याच वाटेने येतात.

परतताना प्रवाशाला दोन लिटरपर्यंत मद्य करमुक्त आणता येते. 750 मिली.च्या दोन बाटल्या त्यात बसतात, तिसरी बसत नाही.

सांगली जिल्ह्यात : राज्याच्या 2001 च्या द्राक्षप्रक्रिया धोरणानंतर विंचूर (नाशिक) व पलूस येथे वाइन पार्क उभे राहिले. वाइन-पर्यटन मात्र नाशिककडे वाढले. सांगलीत क्षेत्र मुख्यतः खाण्याच्या व बेदाण्याच्या बिनबियांच्या द्राक्षांचे असून वाइनचे वाण थोडे आहेत. बाहेरून येणारा पाहुणा जिल्ह्यात बहुधा बेदाण्याची शेडच पाहून जातो.