खिमा कणकेसारखा मळू नका

मीटलोफच्या पाककृतींमध्ये दोन सल्ले हमखास भेटतात. पहिला, खिमा चांगला मळून घ्या म्हणजे लोफ फुटत नाही. दुसरा, सुरुवातीला आच कडक ठेवा म्हणजे वरून कवच धरतं आणि रस आत कोंडला जातो. दोन्ही चुकीचे आहेत. त्यातला पहिला का चुकीचा, हे पाहायला गेलं की स्नायूंच्या रसायनशास्त्रातला एक अतिशय देखणा भाग समोर येतो, म्हणून हा लेख.

मीटलोफ हे अमेरिकेतलं साधं घरगुती जेवण. खिमा, भिजवलेला पाव, अंडं, कांदा, मीठ-मिरी एकत्र करून लांबट गोळा करायचा, वर केचपचा लेप द्यायचा आणि ओव्हनमध्ये तासभर भाजायचा. सोबत कुस्करलेला बटाटा आणि शेंगांची भाजी. 1930 च्या दशकातल्या महामंदीत थोडं मांस घरभर पुरवण्यासाठी हा पदार्थ फार कामाला आला. पण खिम्यात पाव घालण्याची युक्ती त्याहून खूप जुनी आहे. प्राचीन रोमन पाककृतींमध्ये वाइनमध्ये भिजवलेला पाव कुटलेल्या मांसात मिसळायला सांगितलं आहे. आपल्याकडे कटलेट करतानाही स्लाइस भिजवून, पिळून खिम्यात घालतात. बहुतेकांना वाटतं की हा पाव फक्त पदार्थ वाढवायला असतो. त्याचं खरं काम समजायला आधी मायोसिन समजून घ्यावं लागेल.

स्नायूच्या पेशीत दोन तऱ्हेचे तंतू एकमेकांत सरकवून बसवलेले असतात. जाड तंतू मायोसिन या प्रथिनाचे, बारीक तंतू मुख्यतः अ‍ॅक्टिनचे. मायोसिनच्या रेणूला दोन डोकी आणि एक लांब शेपूट असते. असे सुमारे 300 रेणू शेपटीला शेपूट लावून जुडी बांधतात आणि डोकी बाहेर काढून ठेवतात. ही डोकी अ‍ॅक्टिनला धरून ओढतात, तेव्हा स्नायू आकुंचन पावतो.

साध्या पाण्यात ही जुडी सुटत नाही. मीठ पडलं की सुटू लागते. मिठातले क्लोराइड आयन प्रथिनाला चिकटतात, त्याच्यावरचा ऋण विद्युतभार वाढतो, सारखे भार एकमेकांना दूर लोटतात आणि मायोसिनचे रेणू मोकळे होऊन मांसातल्याच पाण्यात विरघळतात. त्यात आपण खिमा कणकेसारखा मळला, तर पेशी आणखी फाटतात आणि हे द्रावण प्रत्येक कणाभोवती पसरतं. हाताला ते लगेच कळतं. सुटा, ओलसर खिमा बघता बघता चिकट होतो. त्याचा गोळा तळहातावर दाबून हात उलटा केला, तरी तो पडत नाही.

आता उष्णता द्या. साधारण 40 ते 50 अंश सेल्सियसच्या दरम्यान मायोसिनची डोकी एकमेकांना चिकटू लागतात. तापमान आणखी वाढलं की शेपट्या उलगडतात, त्याही एकमेकींत अडकतात आणि सगळीकडे पसरलेलं जाळं तयार होतं. त्या जाळ्यात पाणी आणि चरबी अडकून राहते. रसायनशास्त्राच्या भाषेत हे जेल. सॉसेज बनवणाऱ्यांना हेच हवं असतं. म्हणून ते किलोमागे 15 ते 20 ग्रॅम मीठ घालतात, खिमा गार ठेवतात आणि चिकट होईपर्यंत मळतात. सॉसेज दाताखाली कट्‌कन तुटतं आणि घट्ट लागतं, ते या जाळ्यामुळे. मीटलोफ मात्र काट्याने सहज सुटला पाहिजे. तिथे इतकं दाट जाळं झालं की घास रबरासारखा लागतो.

पावाचं काम इथे आहे. पाव भाजला जातानाच त्यातला स्टार्च फुगलेला असतो, त्यामुळे तो दूध शोषून घेतो आणि धरून ठेवतो. त्याचा लगदा मांसाच्या कणांच्या मध्ये शिरला की मायोसिनचं जाळं सलग होऊ शकत नाही, जागोजागी खंडित होतं. अर्धा किलो खिम्याला दोन स्लाइस आणि पाव कप दूध पुरतं. कोरडा पावचुरा तसाच घातला तर तो मांसातलंच पाणी ओढतो, म्हणून भिजवणं टाळू नये. मीठ, अंडं, परतलेला कांदा हे सगळं आधी या लगद्यात नीट कालवावं, खिमा शेवटी घालावा, बोटांच्या टोकांनी हलकेच मिसळावा आणि मिसळला की थांबावं. मिठाला मायोसिन सोडवायला वेळ लागतो, त्यामुळे लोफ लगेच ओव्हनमध्ये गेलेला बरा. याच कामासाठी महागडं गुलाबी हिमालयीन मीठ सुचवणारे फॉरवर्ड फिरत असतात. तेही जवळजवळ सगळं सोडियम क्लोराइडच आहे, आणि मायोसिनला मिठाचा रंग कळत नाही. ते पैसे चांगल्या थर्मामीटरवर खर्च करा.

थर्मामीटर का, तर खिम्याचा मध्यभाग 71 अंशांपर्यंत गेलाच पाहिजे, असं अमेरिकेचं कृषी खातं सांगतं. अखंड तुकड्यात जंतू बहुतेक पृष्ठभागावर असतात, पण दळताना ते आतपर्यंत मिसळले जातात. रंगावरून शिजल्याचा अंदाज करणं धोक्याचं आहे. उलट बाजूने, 65 ते 70 अंशांच्या पुढे अ‍ॅक्टिनही आकसतं आणि पाणी वेगाने बाहेर पडतं. म्हणून 71 गाठले की लोफ बाहेर काढावा, 80 ची वाट पाहू नये. लोफवर जमणारा पांढरट साका म्हणजे बाहेर आलेल्या रसातली गोठलेली प्रथिनं.

रस कोंडण्याची कल्पना जर्मन रसायनशास्त्रज्ञ लीबिग यांनी 1847 च्या सुमारास लोकप्रिय केली. कवच धरलेल्या मांसाचं वजन करून पाहिल्यावर ती टिकली नाही. तव्यावर येणारा चर्र आवाज म्हणजे पाणी बाहेर पडून त्याची वाफ होत असल्याचा पुरावा आहे. मग वरची तपकिरी कड हवीच कशाला? चवीसाठी. अमिनो आम्लं आणि शर्करा यांच्यातली ही अभिक्रिया लुई-कामीय माइयार यांनी 1912 मध्ये मांडली आणि जॉन हॉज यांनी 1953 मध्ये तिच्या पायऱ्या लावून दाखवल्या. ती 140 अंशांच्या आसपास जोर धरते, आणि ओला पृष्ठभाग 100 च्या वर जात नाही. खोल साच्यात लोफच्या बाजू स्वतःच्याच रसात उकडतात, म्हणून तो सपाट ट्रेवर मोकळा भाजावा. केचपही ओला असतो, त्यामुळे त्याचा लेप शेवटच्या पंधरा-वीस मिनिटांत द्यावा. टोमॅटोत ग्लुटामेट भरपूर असतं. टोकियोत किकुनाए इकेदा यांनी 1908 मध्ये समुद्री शेवाळातून वेगळं केलेलं चवीचं द्रव्य ते हेच.

लोफ काढल्यावर दहा-पंधरा मिनिटं तसाच ठेवावा. आतला रस थोडा दाट होतो आणि काप तुटत नाहीत. उरलेला भाग फ्रिजमध्ये ठेवला की त्यातलं जिलेटिन घट्ट होतं आणि दुसऱ्या दिवशी पातळ काप निघतात. ते तव्यावर तुपात दोन्ही बाजूंनी परतले तर माइयार अभिक्रियेला नवा, सपाट पृष्ठभाग मिळतो. मला हे काप पहिल्या दिवशीच्या लोफपेक्षाही जास्त आवडतात.