जेकब पँकेन: युनियनच्या सभेतून कुटुंब न्यायालयात

शंभर वर्षांपूर्वी न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइडमध्ये भाडं थकलं की बिऱ्हाड फुटपाथवर यायचं. खाट, गाद्या, भांडीकुंडी आणि त्या ढिगाशेजारी बसलेली मुलं. त्यासाठी घरमालकाला आधी म्युनिसिपल कोर्टातून हुकूम मिळवावा लागे. त्यामुळे त्या खुर्चीवर कोण बसतं, हा या गरीब ज्यू वस्तीच्या जिव्हाळ्याचा प्रश्न होता. १९१७ मध्ये वस्तीने तिथे आपला माणूस निवडून पाठवला. जेकब पँकेन हे शहरातले पहिले निर्वाचित समाजवादी न्यायाधीश.

पँकेन यांचा जन्म १८७९ चा, युक्रेनमधला. १८९० मध्ये कुटुंब अमेरिकेत आलं. पर्स बनवायच्या कामावर ते राबले, त्याच धंद्यातल्या कामगारांची युनियन बांधली, पुढे शिवणकामगारांत संघटक झाले. १९०५ मध्ये कायद्याची पदवी मिळवली. त्या गल्ल्यांत तेव्हा कपड्यांचे कारखाने खच्चून भरलेले होते. १९०९ च्या हिवाळ्यात हजारो शिवणकामगार मुली संपावर गेल्या आणि १९११ मध्ये ट्रँगल कारखान्याच्या आगीत १४६ जीव गेले. समाजवाद्यांना मतं मिळाली ती या अनुभवातून. १९१७ मध्ये पहिल्या महायुद्धाला विरोध करत महापौरपदाला उभे राहिलेले मॉरिस हिलक्विट हरले, पण पक्षाचे १० जण राज्याच्या विधानसभेत पोचले.

युद्धानंतर घरं मिळेनात, भाडी भडकली, भाडेकरूंनी भाडं रोखलं. १९२० च्या राज्य कायद्याने न्यायाधीशांना अवाजवी भाडेवाढ नाकारण्याचा अधिकार दिला. पँकेन यांची सहानुभूती भाडेकरूंकडे होती आणि ती त्यांनी कधी लपवली नाही. मला यात पक्षपात दिसत नाही. समोरचं घर आतून पाहिलेला न्यायाधीश असाच असणार.

१९२७ मध्ये ते न्यायाधीशपदाची निवडणूक हरले. १९३४ मध्ये महापौर फिओरेलो ला ग्वार्डिया यांनी त्यांना कौटुंबिक संबंध न्यायालयावर नेमलं. ला ग्वार्डिया रिपब्लिकन खरे, पण शिवणकामगारांच्या संपात त्यांनी वकिली केली होती आणि १९२४ मध्ये काँग्रेसची, म्हणजे अमेरिकी संसदेची, निवडणूक समाजवाद्यांच्या तिकिटावर जिंकली होती. हे न्यायालय १९३३ चं. १९६२ मध्ये ते आजच्या कुटुंब न्यायालयात मिसळलं. एका बाजूला चुकीच्या वाटेला लागलेली किंवा टाकून दिलेली मुलं, दुसऱ्या बाजूला बायको-मुलांना पोसायला पैसे न देणारे नवरे. फुटपाथवरच्या त्या ढिगाशेजारची मुलंच जणू आता त्यांच्यापुढे येत होती. बालगुन्हेगारी रोखण्यावर त्यांनी १९४१ मध्ये पुस्तकही लिहिलं. वयाची पंचाहत्तरी ओलांडून १९५५ मध्ये ते त्या खुर्चीवरून उठले.